गोलमागची माणसे

किस्से गोळा करावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. एका जागी नियमाने बसणारी वीस-पंचवीस माणसे असावीत आणि त्यांच्यापैकी कोणालाही घरी जाण्याची घाई नसावी, एवढे पुरते. अडचण पुढे येते: कोणता किस्सा खरा आणि कोणता सांगता-सांगता खरा झाला, हे ठरवायचे कसे?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावात समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. दर रविवारी फुटबॉलच्या मैदानावरील दगडी पायऱ्यांवर जाऊन बसत असे. तिथे मला कोणी नावाने हाक मारली नाही; मी सर्वांचा 'एम.ए.'च होतो. खालचे सगळे किस्से आमच्या गोलकीपरचे, माधवचे आहेत. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. समोर मी त्याला 'माधवभाऊ' म्हणे. लिहिताना मात्र पायऱ्यांच्या पद्धतीने नुसते 'माधव' लिहितो. पहिला किस्सा ऐकीव आहे. बाकीच्या प्रसंगी मी हजर होतो.

●

माधव डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता. त्याच्यासाठी एरंडोलचे स्थळ आणले ते नानांनी. नाना म्हणजे निवृत्त चित्रकला-शिक्षक आणि पायऱ्यांवरचे सर्वांत जुने प्रेक्षक. मुलाची हमी त्यांनी स्वतःच्या शब्दावर दिली होती.

मुलगी पाहून झाली, पोहे आले. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा."

माधव म्हणाला, "विचारायचं नाही, सांगायचं आहे. मुलगी चांगली आहे. पण माझं मन बाईकडे जात नाही, पुरुषाकडे जातं. तुम्हाला लग्नानंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं."

मुलीच्या वडिलांनी बशी पुढे सरकवली.

"बरं," ते म्हणाले. "पोहा तरी खाई ल्या."

परतीच्या एस.टी.त नाना वेगळ्या बाकावर बसले. जळगाव आल्यावर उतरताना एकच वाक्य बोलले, "सांगायचंच होतं तर निघण्याआधी सांगायचं! माझ्या दोन प्लेटी झाल्या होत्या!"

हे वाक्य पायऱ्यांवर पुष्कळ दिवस हशा मिळवत राहिले. नाना मात्र कधी हसले नाहीत. त्यांचा शब्द गेला होता. त्या दिवसापासून त्यांनी माधवशी बोलणे सोडले.

●

पुढच्या रविवारी पायऱ्या नेहमीसारख्या भरल्या होत्या, पण आवाज नव्हता. एरवी माधवने बॉल झेलला की सगळे एका सुरात ओरडत. त्या दिवशी त्याने एकापाठोपाठ तीन फटके अडवले आणि आम्ही जणू कोणाच्या दहाव्याला आलो होतो. मीही गप्प होतो, हे नोंदवणे भाग आहे.

हाफटाइमच्या सुमारास आबा आले. आबा रावेरचे केळीवाले शेतकरी. माल भरून ट्रक निघाला की त्याच ट्रकने मॅचला येत. त्यांना एरंडोलचे काहीच कळलेले नव्हते. माधवने आडवी उडी घेऊन चौथा बॉल बाहेर काढला आणि आबा एकटेच ओरडले, "वा रे पठ्ठ्या!"

शेजारच्याने त्यांना घाईने खाली बसवले आणि कानात सगळे सांगितले. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मंग?" ते मोठ्याने म्हणाले. "काय झायं? बॉल तं अडोला ना त्यानं?"

●

आबा काही फार पुढारलेले होते असे मी म्हणणार नाही. मॅच संपल्यावर त्यांनी माधवला बाजूला घेतले आणि फैजपूरकडच्या एका वैद्याचे नाव सांगितले.

माधवने विचारले, "आबा, वैद्य गुडघ्याचं बघतो का? उजवा फार दुखतो."

"गुडघ्याचं नाही बघत."

"मग राहू द्या. दुसरं काही दुखत नाही."

आबा विचारात पडले. पुढच्या रविवारी गुडघ्यासाठी तेलाची बाटली घेऊन आले. वैद्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

●

आमच्या बोलीत माधवसारख्या माणसासाठी शिवी होती, शब्द नव्हता. माझ्या पुस्तकांत 'समलिंगी' असा शब्द होता. तो पायऱ्यांवर उच्चारण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. शिवी मात्र कोणीतरी दर आठवड्याला कोळशाने गोलच्या खांबावर लिहून ठेवत असे.

हे मला कळले ते एका रविवारी मी चुकून फार लवकर पोहोचलो म्हणून. मैदान रिकामे होते. माधव एकटाच बादली घेऊन खांबाला चुना मारत होता. आमच्या मैदानाचे खांब अलीकडे इतके पांढरे कसे, याचे कौतुक मी आदल्याच आठवड्यात केले होते!

त्याने मला पाहिले. अर्धे अक्षर अजून दिसत होते. त्यावरून त्याने कुंचा फिरवला आणि म्हणाला, "पांढरे असले की फॉरवर्डला लांबून दिसतात. त्यालाच बरं पडतं."

●

सुपडू हा आमचा फुलबॅक. बातमी कळल्यावर माधवपासून चार हात दूर राहणाऱ्यांत तो पहिला. खेळाडूंच्या पोटरीत गोळा आला की तो काढण्याचे काम पूर्वी माधवचे असे, कारण त्याच्या हाताला ती जाण होती. आता त्याला कोणी पाय देत नव्हते. गोळे घेऊन लंगडत खेळत होते, पण पाय देत नव्हते.

एका मॅचमध्ये सुपडूच खाली कोसळला आणि पोटरी धरून गुरासारखा ओरडू लागला. बाकीचे भोवती उभे राहून सल्ले देत होते. माधव गोल सोडून धावत आला आणि विचारत बसला नाही. टाच तळहातात धरली, बोटे मागे दाबली.

पायऱ्यांवरून आवाज आला, "सुपडू, पाय जपून रे!"

लोक हसले. सुपडू कळवळत तिथूनच ओरडला, "आधी गोळा जाऊ द्या, मंग लाजतो!"

गोळा गेला. लाजायचे तो विसरला असावा; पुढल्या रविवारी सुरुवातीलाच दोन्ही पाय माधवपुढे पसरून बसला होता.

●

याच काळात मी माझ्या प्रबंधासाठी प्रेक्षकांची प्रश्नावली केली. त्यात एक प्रश्न शक्य तितक्या तटस्थ भाषेत घातला होता: 'अशा खेळाडूने संघात राहावे, असे आपणांस वाटते काय?' पुढे तीन चौकोन होते: होय, नाही, सांगता येत नाही.

पायऱ्यांवरच्या एका शिंप्याने कागद बराच वेळ निरखला आणि विचारले, "एम.ए., आपण एक गोलनं पुढे आहोत की मागे, ते यात कुठं लिहिलंय?"

माझे मार्गदर्शक म्हणाले असते की उत्तर ग्राह्य नाही. मला अजूनही ते सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते.

कागद वाटून संपल्यावर माधवने विचारले, "मला नाही दिला?"

मी म्हणालो, "माधवभाऊ, तो फक्त प्रेक्षकांसाठी आहे."

"मग मलाच द्यायला हवा होता," तो म्हणाला. "बाकीचे मॅच बघतात. गोलमागे काय बोलतात ते पूर्ण नव्वद मिनिटं मी एकटाच ऐकतो."

●

धुळ्याविरुद्धची फायनल धुळ्यात ठरली, तेव्हा संघाचे सेक्रेटरी रमेशभाऊ यांनी पायऱ्यांवरच बैठक घेतली. प्रश्न एकच होता: माधवला न्यायचे की नाही.

रमेशभाऊ म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही. पण लोक काय म्हणतील?"

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "माझंही काही नाही. पण लोक ऐकणार नाहीत."

असे सात-आठ जण बोलले. कोणाचेच वैयक्तिक काही नव्हते. आबा कंटाळले.

"आरे, हे लोक ऱ्हातात तरी कोठी?" त्यांनी पायऱ्यांवरून बोट फिरवत विचारले. "बठ्ठे तं आठीच बसेल हायेत. त्यायले एकदा बोलवा ना बैठकीले!"

हशा झाला. तेवढ्यात नाना उठून उभे राहिले आणि हशा थांबला. ते माधवकडे न पाहता म्हणाले, "माझं वैयक्तिक आहे. त्यानं मला चारचौघांत तोंडघशी पाडलं. मला विचाराल तर नेऊ नका."

एवढ्या जणांत स्वतःच्या नावाने बोललेला तो एकच माणूस होता, आणि तो विरुद्ध होता.

शेवटी रमेशभाऊंनी मधला मार्ग काढला. माधव खेळेल, पण त्याच्यावरून मैदानात गोंधळ झाला, तर हाफटाइमला तो बाहेर, आणि त्यानंतर संघात कधीच नाही. माधवने अट ऐकली आणि मान हलवली. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याजवळ रविवारखेरीज फारसे काही उरले नव्हते. घरी आई त्याच्यापुढे ताट ठेवून उठून जात असे.

●

धुळ्याला आम्ही आबांच्या ट्रकमधून गेलो, केळीच्या वाळलेल्या पानांवर बसून. मैदानाच्या एका टोकाला कडुलिंबाची रांग होती. नानांनी तिथल्या सावलीत, आमच्या गोलमागे, सतरंजी टाकली. बसायची जागा वडीलधाऱ्याने ठरवायची, ही आमची रीत. धुळ्याचे प्रेक्षक समोरच्या गोलमागे होते.

बातमी आमच्याआधी धुळ्यात पोहोचली होती. पूर्वार्धभर समोरून शिव्या येत राहिल्या. अंतरामुळे त्या तुटक ऐकू येत. माधवने एकही गोल होऊ दिला नाही. आमचाही झाला नाही.

हाफटाइमनंतर बाजू बदलणार होत्या. म्हणजे माधव आता त्या लोकांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहणार होता. ते तयारीत होते. कोणीतरी गोलच्या खांबाला हिरव्या बांगड्यांची माळ बांधली. दोन-चार खडे मैदानात येऊन पडले.

रमेशभाऊ माधवजवळ आले. "अट ठरली होती," ते हळूच म्हणाले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

माधवने एक हातमोजा काढला आणि दुसऱ्याची दोरी सोडू लागला.

तेव्हा नाना उठले. धोतर झटकले आणि सतरंजीची घडी घालू लागले.

"नाना, कुठं?" रमेशभाऊंनी विचारले.

"इथं ऊन फार लागतं," नाना म्हणाले. "पलीकडे सावलीत बसू."

त्यांनी कोणाच्याही उत्तराची वाट पाहिली नाही. घडी काखेत मारून ते रेषेच्या कडेने चालू लागले. मागून आबा निघाले, मग शिंपी, मग डबे आणि चपला सावरत बाकीचे. मीही निघालो. पूर्ण मैदानाला वळसा घालून आम्ही तीस-एक माणसे समोरच्या गोलमागे पोहोचलो आणि गोल आणि धुळेकर यांच्या मधल्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने बसलो. आबांनी बांगड्यांची माळ सोडून खिशात टाकली. "घरी दोन सुना हायेत माह्या," ते मागच्यांना म्हणाले.

रमेशभाऊ मैदानाच्या मध्यावर उभे होते. माधव दोन्ही हातमोजे चढवून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. नानांनी त्याच्याकडे पाहिले नाही. शिट्टी वाजली.

ऊन सरळ आमच्या तोंडावर होते. मागच्या गर्दीतला एक धुळेकर पुढे वाकला, त्याने इकडे-तिकडे पाहिले आणि नानांच्या खांद्याला हात लावून विचारले, "ओ बाबा, आठे कोठे शे सावली?"

नानांनी रुमाल डोक्यावर ओढून घेतला.

"येईल," ते म्हणाले.