कुरकुरणाऱ्या तीन फळ्या

आमच्या सुताराला सगळे गोटीकाका म्हणतात. पातळी बघायची पाणसळ त्यांच्याकडे आहे, पण ती पिशवीतच असते. विश्वास खिशातल्या काचेच्या गोटीवर. आमच्या वरच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांनी ती जमिनीवर सोडली. गोटी घरंगळत गेली आणि बरोबर मधोमध जाऊन थांबली.

"ताई, ही जमीन आहे की परात?"

त्या खोलीत आई राहते. तिला आता जवळजवळ दिसत नाही. काका येण्याच्या दोन दिवस आधी खचलेल्या जागी तिची खुर्चीच कलंडली, तेव्हा दादाने निर्वाणीचं सांगितलं, "आता नीट करून घे, नाहीतर आईला खाली आणायचं." आईला तिची खोली सोडायची नव्हती, आणि तिला ती सोडायला लावणं माझ्या जिवावर आलं होतं.

काकांनी पंधरा दिवस घेतले. जुन्या फळ्या उपटल्या, वाकलेल्या तुळयांना नव्या जोडल्या, खोलगट जागी पट्ट्या ठोकल्या आणि वर सागवानी फळ्या एकीत एक बसवल्या. माणूस लाख मोलाचा, पण कामात महातिरसट. "चाळीस वर्षांत माझी फळी कधी कुरकुरली नाही," हे दिवसातून तीनदा ऐकवायचे. तोवर चहा गार. मी चरफडत पुन्हा गरम करायची.

शेवटच्या दिवशी गोटी जागची हलली नाही. काकांनी मिशीतल्या मिशीत हसून आईला बोलावलं. ती चार पावलं चालली, आणखी चार, आणि तशीच पुढे निघाली. काकांनी धावत जाऊन तिचा दंड धरला. पुढचं पाऊल जिन्यावरच पडलं असतं.

"अहो, इथे चढ होता," आई म्हणाली. "चढ लागला की मी थांबायचे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

काका मात्र खाली बसले होते. जिन्याच्या दोन पावलं अलीकडच्या तीन फळ्या त्यांनी उचकटल्या. खालच्या पट्ट्या तासल्या, स्क्रूऐवजी खिळे मारले आणि वर उभे राहिले. फळ्या खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा कुरकुरल्या.

आई पुन्हा चालली. कुर्र झालं. तिने हात पुढे केला, कठडा सापडला.

"आला जिना," ती म्हणाली.

दादाने खाली आणायचा विषय काढलाच नाही. मला काकांचे पाय धरावेसे वाटले. ते तोंड पाडून हत्यारं भरत होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हे कुणी केलं असं विचारलं, तर माझं नाव नका सांगू."

येईल त्याला मी त्यांचंच नाव सांगते.