रेघ आमची, जमीन त्यांची

नकाशे जुने झाले की गुंडाळून कपाटावर टाकता येतात. किस्स्यांचं तसं होत नाही. ते साठत जातात, आणि चहाच्या वेळी कुणी नुसतं "मास्टर प्लॅन" म्हटलं तरी एकेक खाली पडतो. देवासला मुळ्येसाहेबांच्या छोट्याशा ऑफिसात मी नकाशे काढायची. शहरांच्या, कॉलन्यांच्या आखणीची कामं आमच्याकडे यायची. घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. हसण्यासारखं पुष्कळ घडलं. आता सांगायला बसलं की हसू अर्ध्यावरच थांबतं.

योजनेचा मसुदा लोकांपुढे मांडून हरकती मागवतात. एकदा असाच नकाशा हॉलमध्ये लावला होता. रामेश्वर नावाचा शेतकरी, सगळ्यांचा 'भिया' म्हणजे भाऊ, बराच वेळ त्यावर बोट फिरवत होता. आपलं शेत सापडलं तसा खूश झाला. "अपना तो हरा है, साब!" दुसऱ्या दिवशी ताज्या हरभऱ्याचा भारा घेऊन ऑफिसात हजर.

साहेबांना सांगावंच लागलं, "भिया, शेतीचा हिरवा फिका असतो. हा गडद आहे. इथे शहराची बाग होणार."

त्याने भारा टेबलाशी ठेवला. मग म्हणाला, "मतलब हरियाली रहेगी, मैं नहीं रहूँगा."

हरभरा तो परत नेईना. आमच्यापैकी कुणी त्याला हात लावला नाही.

बाग तरी होते का? एका कॉलनीच्या मधोमध आम्ही चांगली ऐसपैस बाग दाखवली होती. कोपऱ्यात चौकीदाराची खोली आली, मग पाण्याची टाकी, मग ट्रान्सफॉर्मर. उरल्या जागेत कॉलनीच्या अध्यक्षांची कार. तिथल्या जोशीकाकूंनी बाग बघूनच घर घेतलं होतं. काकांना अर्धांगवायू झालेला, दूर चालवत नसे. संध्याकाळी त्यांना झाडाखाली बसवता येईल एवढाच हिशेब. काकू ऑफिसात आल्या.

"अहो, बाग कुठाय?"

साहेब खाली मान घालून म्हणाले, "नकाशात आहे."

"मग नकाशाच द्या. ह्यांच्या पलंगासमोर लावते."

साहेबांनी खरंच दिला. काकूंनी खरंच लावला.

पीथमपूरला कारखाने आणि कामगारांची वस्ती यांच्यामध्ये झाडांचा पट्टा ठेवला होता. धूर, धूळ, आवाज तिथेच अडावा म्हणून. त्याला आम्ही 'बफर' म्हणायचो. काही वर्षांनी जाऊन पाहतो तर त्या पट्ट्यात ओळीने शिफ्टच्या बसेस उभ्या. लगतच्या घरात एक बाई वाळलेले कपडे दोरीवरून काढून पुन्हा बादलीत टाकत होती, इतकी धूळ बसलेली.

साहेबांनी तिला समजावलं, की मुळात इथे झाडं असायला हवी होती, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

"अच्छा," ती म्हणाली, "तो किसी ने सोचा था हमारे बारे में." आणि तिने आम्हाला पाणी आणून दिलं.

धारचा किस्सा साहेब स्वतः कधी सांगत नसत. धार म्हणजे त्यांचं मूळ गाव. धाकटी बहीण सुमनताई तिथेच दिलेली. बाजाराचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि आखणीचं काम नेमकं आमच्याकडे आलं. रेघ सुमनताईंच्या पुढच्या खोलीतून गेली. हातभर सरकवली असती तर समोरच्या शिंप्याचं दुकान गेलं असतं. साहेबांनी रेघ सरकवली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला ते नेहमीसारखे गेले. पुढची खोली गेलेली, म्हणून ताईंनी पाट स्वयंपाकघरात मांडला. ओवाळताना विचारलं, "दादा, रेघ तूच काढलीस?"

"हो."

"सरळ काढलीस हो," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात दुसरी करंजी वाढली.

ती करंजी साहेबांनी तशीच ताटात ठेवली, हे मला पुढे ताईंनीच सांगितलं.

आणि निसरपूर. धरणामुळे नर्मदेचं पाणी चढणार म्हणून गाव वर हलवायचं होतं. नव्या वस्तीचे प्लॉट आखायला आम्ही गेलो होतो. चौकोनी प्लॉट, रुंद रस्ते, शाळेला जागा. साहेब स्वतःच्या कामावर खूश होते. तेवढ्यात दोन म्हातारे आले, कालूराम आणि भगवान. जुन्या गावात शेजारी. मधल्या सामाईक भिंतीवरून दोघांची वर्षानुवर्षं कोर्टात केस चाललेली, तारखांवर तारखा. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, त्यात एकाला वस्तीचं हे टोक मिळालं, दुसऱ्याला ते.

कालूराम म्हणाला, "साब, हम दोनों को पास-पास दे दो."

साहेब हसले. "अहो बाबा, बरंच झालं की. भिंत पाण्यात जाणार, भांडण मिटलं. आता शेजारच नको."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भगवान हळूच म्हणाला, "वो तो ठीक है साब. पर तारीख पे साथ में किसके जाएँगे?"