दिव्याभोवतीचे रंग

माझा मोठा भाऊ माणिक लाकडी नंदी रंगवतो. तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी लावून ओढतात, ते नंदी. आमच्या बोरगाव मेघेत त्याचा नंदी नाही असं घर सापडायचं नाही. मी आपला ऑफिसातला कारकून, कलावंताचा भाऊ म्हणून फुकटात मिरवणारा.

तीन वर्षांपूर्वी दादाला संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. आत निळं, बाहेर तांबडं. सोबत कपाळ ठणकायचं, डोळा दुखायचा. त्याला आंजी गावच्या नानाजींकडे मीच नेलं, हे आधीच कबूल करतो. नानाजी कसलंसं मूळ उगाळून मधातून डोळ्यांत घालत आणि डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसत. पैसा घेत नसत, म्हणून तर आम्ही फसलो.

"हा आजार नाई," ते म्हणाले. "तुही आतली नजर उघडून राह्यली. डॉक्टरची दवाई घेशीन तर मिटून जाईन."

दादाने ती कडी नंदीच्या कपाळावर उतरवली. खोटं कशाला बोलू, तसं काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. पार यवतमाळहून लोक नंदी न्यायला येऊ लागले. मग तो दुखण्याची वाटच पाहू लागला. कपाळ ठणकलं की ब्रश हातात घ्यायचा. मला भीती वाटायची, पण चांगलं चाललेलं मोडायला तोंड उघडत नसे.

यंदा श्रावणात मी त्याच्या उजव्या हाताला बसून पॉलिश पेपरनं नंदी घासत होतो.

"अभिराम, कुठं गेलता रे?" त्याने विचारलं.

मी हातभर अंतरावर होतो. त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला हात हलवून पाहिला. त्याला कळलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांतला दाब फार वाढला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डावा वाचवता येण्यासारखा होता. आजच दाखल व्हा, डॉक्टर म्हणाले.

दादाने एवढंच विचारलं, "मंग ते रंग?"

"ते रंग म्हणजेच आजार आहे."

जिन्यात त्याने माझं मनगट धरलं. "आजची संध्याकाळ दे मले. एकडाव पाहून घेतो. उद्या तू म्हणशीन तिथं येतो."

जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. परत जाऊन सांगितलं तसे डॉक्टर चिडले, मला चार शब्द सुनावले. तरी माझी मती फिरली आणि मी त्याला घरी आणलं.

संध्याकाळी ओसरीवर बल्ब लावून तो शेवटचा नंदी घेऊन बसला. "केवढं मोठं झालं रे कडं!" म्हणत हसला. हसतानाच कपाळ दाबू लागला, मग ओकला.

"दादा, ऊठ. आत्ताच्या आत्ता जाऊ."

"थांब ना, तांबडा राह्यला."

मी फाटकाबाहेर धावलो, ऑटो थांबवला. परत आलो तर त्याचा ब्रश वाटी सोडून फरशीवर रंग शोधत होता.

"अभिराम, लाइट गेली काय रे?"

बल्ब डोक्यावर लख्ख जळत होता.

"हो," मी म्हणालो, "गेली," आणि त्याचा दंड धरला.