ताटात धुतलेला हात

त्यानं ताटातच हात धुतला.

गिलास वाकडा केला, बोटांवर पाणी सोडलं. उरलेला भात अन् वांग्याचा रस्सा त्या पाण्यात तरंगाले लागला. मग ते ताट त्यानं दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तोंडानं बोलणं चालूच होतं.

काय बोलणं होतं तेही सांगते. माझा नवरा कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. त्या रविवारी त्याच्या कॉलेजातल्या एक मोठ्या मॅडम अन् एक सर आमच्याकडे जेवाले आले होते. त्यांचं चर्चासत्र होतं. नवरा-बायको घरचं काम, लेकरं अन् नोकरी कसे वाटून घेतात, यावर. मुख्य भाषण माझ्या नवऱ्याचं.

"नोकरी करणारी बाई घरी आली की तिची ड्युटी संपत नाही, मॅडम," तो सांगून राहिला होता. "दुसरी सुरू होते. अन् त्या दुसऱ्या ड्युटीला आपण काम म्हणतच नाही. प्रेम म्हणतो."

बरोबर बोलत होता. एक शब्द चुकीचा नव्हता. मी तिथंच उभी होती, पोळ्यांचा डबा घेऊन. सकाळी रात्रपाळी करून आली, आंघोळ केली अन् थेट वांगे चिराले बसली. डोळे असे जळून राहिले होते की जसा मिरचीचा हात लागला.

मॅडमनं मले विचारलं, "तुमच्याकडे कशी आहे हो वाटणी?"

मी तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तर तयार. "आमच्याकडे वाटणी-बिटणी काही नाही, मॅडम. हिला नोकरीची पूर्ण मोकळीक आहे. शिवाय मी मदत करतोच."

मोकळीक! मदत! घर कोणाचं? पोरगी कोणाची? पण मॅडम म्हणाल्या, "नशीबवान आहात," अन् मी हसली. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार होती?

मी पारशिवनीकडची. बाप शेतावर मजुरीनं जाये, माय बी. मी नर्सिंग केलं अन् नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिसले लागली. कोणी उमरेडचा, कोणी गोंदियाचा, सारे पेशंट तिथं येतात. त्यांच्या बायका बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसलेल्या असतात. पेशंट बाई असली तर नवरा क्वचितच दिसतो. बहीण दिसते, माय दिसते. मी हे रोज पाहते. मले चर्चासत्र लागत नाही.

अन् तरी या माणसाले मी हो काहून म्हटलं? त्याच्या आजीच्या गोष्टीमुळं. खरं सांगते. धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्यानं ती गोष्ट सांगितली अन् मी खाली सतरंजीवर बसून रडली होती.

त्याची आजी भिवापूरकडच्या एका खेड्यातली. पाटलाच्या घरी लग्न असलं की उष्ट्या पत्रावळी उचलाले आजी जाये. पत्रावळीत उरलेलं पदरात बांधून घरी आणे, लेकरं वाट पाहत बसलेले. छप्पन साली आजी नागपुरात दीक्षा घेऊन गावात परत आली. पुढच्या लग्नाले पाटलाचा माणूस बोलवाले आला. आजी दारात उभी राहिली अन् म्हणाली, "आता आमी कोनाचं उष्टं उचलत नाई." गावानं काम देणं बंद केलं, दुकानातून मीठ देणं बंद केलं. आजी हटली नाही.

गोष्ट सांगताना त्याचा गळा भरून येतो. ते नाटक नाही. लोक टाळ्या वाजवतात. मीही दरवर्षी वाजवल्या. अन् घरी येऊन जेवण वाढलं, अन् त्यानं ताटात हात धुतला, अन् मी ते ताट उचललं. इतके वर्षं मले त्यात काही दिसलं नाही. आमच्या बापानंही ताटातच हात धुतला. साऱ्या बापांनी धुतला.

एकदाच म्हटलं होतं, "ताट सिंकमध्ये ठेवत जा ना." तर म्हणे, "काहून, तुझे हात मोडले काय? एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली वं!"

एवढीशीच. पोरीले ताप होता, तो घरी होता, भाषण लिहून राहिला होता. मी पेशंटले मशीन लावून राहिली होती. फोन आला. "औषध कुठं आहे?" फ्रिजवर. "किती द्यायचं?" बाटलीवर लिहिलं आहे. "तूच येऊन जा ना." गेली मी. इन्चार्ज सिस्टरनं कसं पाहिलं, ते माझं मले माहीत. तेही एवढंसंच. अशा एवढ्याशा गोष्टींनीच माझी कंबर गेली. दवाखान्यातून निघाली की घर जवळ येऊन राहिलं म्हणून जीव घाबरा होतो. घराची अशी भीती वाटावी काय कोणाले?

तर त्या रविवारचं ते ताट. मी डबा ठेवून उचलणारच होती. तेवढ्यात माझी पोरगी उठली. दुसरीत आहे. तिचं जेवण अर्धंच झालं होतं. तिनं बापाचं ताट दोन्ही हातानं उचललं अन् जीभ दाताखाली धरून हळूहळू सिंककडे निघाली. पाणी हिंदकळलं. उष्टं, पिवळं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं.

"शाबास!" बाप म्हणाला. "पाहा मॅडम, किती शहाणी आहे."

मॅडम हसल्या. "आतापासूनच ट्रेनिंग!"

मले काय झालं ते मले नीट सांगता येत नाही. राग आला असं नाही. राग यायले ताकद लागते. मले फक्त दिसलं. पाटलाचं अंगण दिसलं, पत्रावळी दिसल्या. अन् त्या उचलणारी माझी पोट्टी होती.

मी तिच्या हातून ताट घेतलं. परत आणलं अन् त्याच्यासमोर ठेवलं.

"ज्याचं उष्टं त्यानं उचलावं."

"काय करून राहिली तू? पाहुणे बसले आहेत."

"बसू द्या. मॅडमले तुमच्या आजीची गोष्ट सांगा."

त्याचा चेहरा उतरला. मग त्या दुसऱ्या सरांनी गुपचूप आपलं ताट उचललं अन् उभे राहिले. पण कुठं न्यावं ते त्यांले समजेना. माझ्या घरातलं सिंक राहू द्या, त्यांच्या स्वतःच्या घरातलं तरी त्यांले माहीत असेल की नाही, देव जाणे. पोरीनं त्यांले दाखवलं.

पाहुणे गेल्यावर तो भडकला. "नाक कापलं माझं! आजीची ती स्वाभिमानाची लढाई होती. हे घरातलं आहे. दोन्ही एक करते, लाज नाही वाटत तुले?"

"पाटलालेही ते त्याच्या घरातलंच वाटत होतं," मी म्हटलं, अन् झोपाले गेली. रात्रीची जागलेली होती मी.

ताट तसंच टेबलावर राहिलं. पाणी आटलं, भात वाळला, मुंग्या लागल्या. तो बाहेर जेवाले लागला. पोरगी विचारे, "आई, मी उचलू?" मी म्हणे, "नाही. त्याले हात लावायचा नाही."

मग एका संध्याकाळी ड्युटीवरून आली, तर टेबल रिकामं. क्षणभर वाटलं, उचललं वाटते यानं. बाप्पा, काय हलकं वाटलं मले! पण आत पाहते तर सिंकजवळ माझी सासू उभी. सत्तरीची बाई. गावावरून बसनं आली होती अन् वाळून दगड झालेला भात नखानं खरवडून राहिली होती. यानं फोन करून मायले बोलावून घेतलं. एका ताटासाठी.

"आई, काहून आल्या तुम्ही?"

"बाबू फोनवर रडकुंडीले आला वं. एका ताटापायी घर मोडू नको, माय."

मी तिच्या बाजूले उभी राहिली. म्हटलं, "आजीनं पाटलाचं उष्टं सोडलं होतं ना, आई?"

"सोडलं. सारं गाव सांगे."

"अन् आजोबाचं ताट?"

सासूचा हात थांबला. "ते कोन सोडते वं? बुढा ताटातच हात धुये. सासूनं मरेपर्यंत उचललं. मंग म्या माह्या मालकाचं उचललं."

गोष्टीचा हा भाग मले कोणी सांगितला नव्हता. स्टेजवरून तर नाहीच. मले आजीचा राग नाही आला. साऱ्या गावाशी लढून थकलेली बाई घरी आली अन् घरात तेच वाकणं. तिच्यात आणखी लढायची ताकद कुठून राहील? मले तिच्यासाठी फार वाईट वाटलं. माझ्या सासूसाठीही वाटलं. तिचे ते नखं पाहून मी रडली.

त्या दिवशी तो घरी जेवला. माय जवळ होती, मग काय! पोटभर जेवला अन् ताटात हात धुतला.

सासूनं हात पुढं केला. मी तिचं मनगट धरलं. "बसा, आई."

पोरगी माझ्याकडे पाहून राहिली होती. मी म्हटलं, "आपापलं ताट." तिनं तिचं उचललं. मी माझं उचललं. सासू खूप वेळ लेकाकडे पाहत बसली, मग तिनंही स्वतःचंच उचललं. त्याचं टेबलावर राहिलं.

"हे कधीपर्यंत चालणार आहे?" त्यानं विचारलं.

"गावानं मीठ बंद केलं तरी तुमची आजी हटली नव्हती," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना?"

सासू गावी गेली. ते दुसरं ताट अजून टेबलावर आहे. त्याचं चर्चासत्र झालं, म्हणे चांगलं झालं. घर मोडून राहिलं असं तो साऱ्यायले सांगतो. दुसऱ्याचं उष्टं उचलण्यावर जे घर उभं आहे, ते मोडायचं असेल तर मोडू दे. स्वयंपाक अजून मीच करते. पोरीचा ताप, डबा, शाळा अजून माझ्याकडेच आहे. त्या कामांचीही वेळ येईल, मी काही विसरली नाही. पण आधी हे ताट.

थकली तर मी आहेच. रोज ड्युटीवर जाते, येते, त्या ताटाच्या बाजूनं निघून जाते. पोरगीही निघून जाते. आता ती विचारतही नाही. आजीनं पाटलाचं सोडलं होतं. घरातलं राहिलं होतं, ते मी सोडलं.