कढीपत्त्याच्या कुंडीतली सुरी

"ओर्नानं कापलं, ओर्नानं कापलं! अगं, पण ओर्नाच्या हातात माझी सुरी गेली कशी? चालत गेली?"

"माझ्या पिशवीतून घेतली तिनं. मी पाणी भरायला गेले होते, आई."

"आणि तुझ्या पिशवीत कशी गेली?"

 गेउला दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि केसांत वाळवंटातली पांढरी धूळ. शुक्रवारची दुपार; सूर्य मावळला की शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार. शब्बाथचा स्वयंपाक अर्धा झाला होता, कोंबडी कापायची राहिली होती, आणि तिची सासू शोशाना सुरी खिडकीच्या उजेडात धरून उभी होती. लाकडी मूठ पात्याला मिळते तिथल्या फटीत एक पिवळी रेघ दिसत होती. चीजची.

सुरी मटणाची होती, आणि यहुदी धर्मात मटण आणि दूध एकमेकांना लागू द्यायचं नाही. या घरात दुधाची भांडी डाव्या कपाटात, मटणाची उजव्या, आणि चुकून चमचा इकडचा तिकडे झाला तरी शोशानाबाई जेवणावरून उठत. ही सुरी तर ठाण्याहून आलेली. जांभळी नाक्याजवळच्या लोहारानं पातं घडवलं होतं, मूठ त्यांच्या नवऱ्यानं स्वतः बसवली होती. पासष्ट साली इस्रायलला निघताना अर्धं सामान विकलं, पण सुरी साडीत गुंडाळून आणली. नवरा गेला, सुरी राहिली.

"सावता, जरासं चीज तर आहे," सोफ्यावरून नात सपीर आजीला हिब्रूत म्हणाली.

"तू गप. जरासं आणि पुष्कळ असं काय नसतं त्यात. आणि मराठीत बोल."

सपीरनं हिब्रूतच सांगितलं की मराठीत भांडायला आई आहे. तसं ते खरंच होतं. गेउला इथं इस्रायलात, बेर्शेबालाच जन्मलेली. पोरगी पुढे जावी म्हणून आईबापांनी तिच्याशी घरात मोडकंतोडकं हिब्रूच बोलायचं ठरवलं होतं. मराठी ती लग्नानंतर शिकली, शोशानाबाईंकडून. त्यामुळे सासूशी भांडताना तिच्या तोंडी सासूचेच शब्द असायचे, आणि ते सासूला जास्त लागायचे.

"मिटणाऱ्या सुरीनं बोट कापलं ना माझं!" तिनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मागच्या महिन्यात वाळवंटात भोपळा चिरताना चाकूची कळ सुटली होती आणि पातं बोटावर मिटलं होतं. टाक्यांचा व्रण अजून गुलाबी होता. "म्हणून घेतली. विचारलं असतं तर दिली असती तुम्ही?"

"नसती दिली."

"म्हणून नाही विचारलं."

आतापर्यंत वर्तमानपत्रामागे असलेला गेउलाचा नवरा बारूख बाहेर आला. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, आणि कुठलीही गोष्ट फोटो बघितल्यासारखी एका नजरेत बघून निकाल द्यायची त्याला सवय होती. "मी सांगू? सोपं आहे. जाऊच नको. बोट पण राहील, सुरी पण राहील."

गेउलानं उरलेला बूट काढला आणि दाराबाहेर ठेवला. विषय आता सुरीचा राहिलेला नाही, हे घरात सगळ्यांना कळलं.

ती दिवसभर दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत पोर बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि पोर मान कधी हलवतं ते बघायचं. दिवसभर दुसऱ्याला काय ऐकू येतं याचा हिशेब. घरी आल्यावर तिला स्वतःला सगळंच ऐकू यायचं: टीव्ही, कुकर, सासूचे गुडघे, मुलीचा फोन. शेचाळिसाव्या वर्षी मैत्रीण ओर्नानं तिला सोबत ओढलं. महिन्यातून एकदा चार बायका गुरुवारी दुपारी निघत, नेगेवच्या वाळवंटातल्या एखाद्या कोरड्या ओढ्याच्या कडेला रात्र काढत, आणि शुक्रवारी शब्बाथच्या आत घरी परतत. स्वयंपाक गेउलाकडे असे. तिथं "गेउला" म्हणून हाक मारणारं कुणी आलं, तर ते चहा झाला का एवढंच विचारायला. ही एक रात्र बारूखनं आत्ता वर्तमानपत्राची घडी घालता घालता रद्द केली होती.

शोशानाबाई गॅलरीत गेल्या. तिथं कढीपत्त्याचं झाड होतं, मोठ्या कुंडीत, छातीएवढं वाढलेलं. बाटलेली सुरी शुद्ध करायला कडक मातीत दहा वेळा खुपसायची, अशी त्यांच्या सासूची शिकवण. त्यांनी मोठ्यानं मोजत खुपसली. दहावा आकडा शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. आणि मग ती बाहेर न काढता तशीच मातीत उभी ठेवून त्या आत आल्या.

"राहू दे तिथंच. बघू दे सगळ्यांना."

मटणाची दुसरी सुरी घरात नव्हती, म्हणून कोंबडी त्या शब्बाथला अख्खीच शिजली आणि हातानं तोडून खावी लागली.

आता सुरी कुणी काढायची? शोशानाबाईंचं म्हणणं, जिनं बाटवली तिनं काढावी आणि दोन शब्द बोलावेत. गेउलाचं म्हणणं, जिनं रोवली तिनं काढावी. दोघींनी हे तोंडानं सांगितलं नाही. रोज सकाळी शोशानाबाई झाडाला पाणी घालत, सुरीच्या पलीकडच्या बाजूनं, अगदी जपून. पण माती ती माती, ओल सगळीकडे पसरते. संध्याकाळी गेउला फोडणीला पानं तोडायला जाई, तेव्हा तिचा हात मुठीला लागे आणि तशीच ती परत फिरे. आठवड्यानं सपीरनं कपडे वाळत घालताना ओरडून सांगितलं, की सुरी तांबडी झाली आहे.

शोशानाबाई बघून आल्या.  त्या दिवशी त्यांनी झाडाला पाणी घातलं नाही.

त्याच सुमारास बारूख युनियनच्या सहलीला एलातला गेला आणि येताना बायकोसाठी सुरी घेऊन आला. 'जाऊच नको' म्हटल्याचं त्याला आत कुठे तरी टोचत होतं, हे गेउलाला समजलं. पण सुरी पाहून तिला हसू आवरेना. कोपरापर्यंत लांब. पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते. मूठ पोकळ, तिच्या झाकणात होकायंत्र, आत काड्या, सुईदोरा आणि मासे पकडायचा गळ.

"गळ कशाला, बारूख? वाळवंटात?"

"सगळं एकाच वस्तूत आहे. मी सैन्यात होतो, मला कळतं."

"सैन्यात तू एक्स-रे काढायचास."

"आघाडीवर काढायचो!"

गेउलानं संत्र्याच्या खोक्याची एक फळी ओट्याजवळ भिंतीला टेकवून उभी केली, पातं तिच्या वरच्या कडेवर ठेवलं आणि वरून बत्त्यानं ठोकलं. शेगडी पेटवायला त्या बायका खोक्यांच्या फळ्याच न्यायच्या. त्या अशाच चिराव्या लागत. तिसऱ्या ठोक्याला मूठ तिच्या हातात आली आणि पातं फळीत राहिलं. होकायंत्र घरंगळत फ्रिजखाली गेलं.

"बत्त्यानं कोण ठोकतं सुरीला?" बारूख रागावून म्हणाला.

"मी ठोकते." तिनं मूठ उलटी करून त्याला दाखवली. "हे बघ, पातं आत बोटभर पण नाही. नुसतं चिकटवलंय."

त्यानं होकायंत्र लाटण्यानं बाहेर काढलं आणि खिशात घातलं. त्याला वाईट वाटलं होतं. तिलाही वाटलं, पण तुटलेली सुरी चांगली आहे असं काही तिला म्हणता येईना.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, कामावरून घरी येऊन जुन्या गावातल्या सुऱ्यांच्या दुकानात जायचं तिनं ठरवलं. घरून निघताना बघते तर शोशानाबाई चप्पल घालून दारात उभ्या.

"मी पण येते. तू काय आणशील आणि काय नाही. घरात आत येणार ना ती?"

दुकानाचा मालक यारोन तिशीचा, दाढीवाला होता. म्हातारी बाई आणि तिची सून सुरी बघायला आल्यात म्हटल्यावर आधी त्यानं स्वयंपाकाच्या सुऱ्या काढल्या. गेउलानं सांगितलं, रात्री उघड्यावर राहायचं आहे. तसा तो एकदम खुलला आणि काउंटरवर मोठमोठी पाती मांडू लागला. याने झाड तोडता येतं. याने हरण सोलता येतं.

"हा मनुष्य काय बोलतोय?" शोशानाबाईंनी मराठीत विचारलं. त्यांना हिब्रू चांगलं समजे. पण न पटणारं त्या समजून घेत नसत.

"हरण सोलता येतं म्हणतो."

"त्याला सांग, आम्हाला कांदा चिरायचाय."

गेउलानं काय काय करायचं ते सांगितलं: कांदा, भोपळा, ब्रेड, दोरी, आणि फळी चिरायची. यारोननं मोठी पाती मुकाट्यानं परत ठेवली आणि तळहाताच्या रुंदीएवढ्या लांबीच्या पात्याच्या सुऱ्या काढल्या. गेउला प्रत्येक सुरी उलटी करून पातं मुठीत कुठवर जातं ते विचारत होती. शोशानाबाई प्रत्येक मूठ डोळ्यांजवळ नेऊन नखानं कडा चाचपत होत्या. एक देखणी सुरी होती, ऑलिव्हच्या लाकडाची मूठ, पितळी खिळे. गेउलाला आवडली. शोशानाबाईंनी लाकूड आणि पोलाद यांच्या मधल्या रेघेत नख घातलं. नख आत गेलं.

"इथं बसेल चीज," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझ्या सुरीत बसलं तसं."

यारोननं दुसरी पुढे केली. नारिंगी मूठ, कडक रबराची, पात्याभोवती ओतूनच बसवलेली. पातं आत शेवटपर्यंत गेलेलं. वाळूत पडली तरी रंगामुळे सापडेल, तो म्हणाला. त्यात दोन प्रकारची पाती होती. एक साध्या पोलादाचं, याला धार पटकन लागते, पण रोज पुसून तेलाचं बोट फिरवावं लागेल, नाहीतर गंजेल. दुसरं न गंजणारं, याला धार लावायला मेहनत जास्त. जाणकार पहिलं घेतात.

"रोज पुसून तेल लावायचं घरी पुष्कळ आहे," गेउला म्हणाली. "न गंजणारं द्या."

गंजण्याचा शब्द निघाला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

म्यान चामड्याचं की प्लास्टिकचं, यावर शोशानाबाईंनीच निकाल दिला. चामड्यात वास राहतो आणि ते धुता येत नाही. प्लास्टिकचं घ्यायचं, धुऊन उलटं ठेवलं की पाणी निथळतं. पुडकं बांधता बांधता यारोन त्यांना म्हणाला, आजी, तुम्ही पण जाता का कॅम्पला? शोशानाबाई म्हणाल्या, "मी कशाला जाऊ? मी घर बघते." हे मात्र त्यांनी हिब्रूत सांगितलं.

वाटेत मिकव्याच्या, म्हणजे शुद्धीच्या स्नानघराच्या, मागच्या अंगणात भांडी बुडवायची टाकी होती. परधर्मीयांनी बनवलेली नवी सुरी पाण्यात बुडवल्याशिवाय वापरायची नाही. शोशानाबाईंनी गेउलाची बाही वर केली, सुरी तिच्या हातात दिली आणि त्या प्रार्थनेचे शब्द पुटपुटल्या. गेउलानं ती पुरी खाली जाईपर्यंत पाण्यात सोडून वर काढली.

"गंज जातो का गं?" बसमध्ये बसल्यावर शोशानाबाईंनी खिडकीकडे बघत विचारलं.

"लिंबू-मिठानं बघू."

घरी आल्यावर गेउला बूट न काढता गॅलरीत गेली आणि कुंडीतली सुरी ओढून काढली. मोरीत बसून लिंबाची फोड मिठात बुडवून ती घासू लागली. शोशानाबाई वर उभ्या राहून सांगत होत्या: फटीत काडी घाल, तिरकी, अजून आत. फटीतून पिवळं निघालं, काळं निघालं, आणि थोडं असं काही जे ठाण्याचंसुद्धा असेल. वरून त्यांनी उकळतं पाणी ओतलं. पात्यावर काळे डाग राहिले, ते जाणार नव्हते. धार बरी होती.

जेवायला सगळे बसले तेव्हा दोन्ही सुऱ्या ओट्यावर वाळत होत्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. बारूखनं नारिंगी मूठ पाहिली.

"घेतलीच म्हणजे. पण या महिन्यात नको जाऊ, गेउला. शुक्रवारी मी घरी आहे, आई दमते, कोंबडी कोण कापणार? पुढच्या महिन्यात बघू."

"आई, तुम्ही दमता?" गेउलानं विचारलं.

शोशानाबाईंनी भात वाढून घेतला. "मला कशाला विचारता? तुमचं तुम्ही बघा. माझी सुरी स्वच्छ झाली, माझं भांडण संपलं."

सपीर ताटावरून मान वर करून तिघांकडे बघत होती. गेउलानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी उद्या दुपारी जाते आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी शब्बाथच्या आत येईन. नवी सुरी दुधाची, ती घरात वापरायची नाही. आईंची मटणाची, ती घराबाहेर जायची नाही. कोंबडी बारूख कापेल."