पाटलाच्या सोप्यातलं ताट

आमचं गाव वसवलं माझ्या मालकांच्या खापरपणज्यानं, संस्थानच्या काळात. सात घरं घेऊन नदीकाठाला आला, बाभळी तोडल्या, पाटील झाला. मग चोर धरायचं कामही त्याच्याच गळ्यात. धरलेल्याला दोरी न बांधता, बरोबर भाकरी बांधून, कोल्हापूरपर्यंत चालत न्यायचा म्हणे. फोटो न्हाय, कागद न्हाय. त्याचा नेम तेवढा घरात राहिला. धरून आणलेला माणूस आधी जेवणार, मग घर. आणि कोण जेवून गेला ते बाहेर सांगायचं नाही.

सासूबाईंनी मला मात्र तसली तीन नावं सांगितली होती. त्यातल्या एकाला तर सुटून आल्यावर पाटलानंच गावात जमीन दिली. "ठावं असू दे, पर तोंडातनं काढू नको," म्हणाल्या.

मालक गेल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली आणि पोलीस पाटील झाले. एका सकाळी नदीवरच्या मोटारीची केबल कापणारा सापडला. चौथी चोरी, पाण्याविना ऊस वाळत चाललेला. पंचवीस-तीस माणसांनी त्याला ओढत माझ्या दारात आणला. मी त्याला घराच्या पुढच्या सोप्यात घेतला, ठाण्यात फोन केला आणि उंबऱ्यात पाट टाकून बसले.

सगळ्यात पुढं, काठी घेऊन, गावच्या नात्यानं माझे एक भावजी. केबल त्यांचीच गेलेली.

"वहिनी, बाजूला व्हा. हातच मोडतो त्येचा."

"आधी माझा मोडा."

"चोराची बाजू घेताय व्हय?"

"केस मीच करणार हाय. पर गाडी येईस्तोवर तो माझ्या सोप्यात हाय."

"पाटलीणबाईंचा पावणा आलाय, पोळ्या लाटा की!" मागनं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. भावजी हसले नाहीत, एक पायरी वर आले.

त्या तीन नावांतलं एक त्यांच्या खापरपणज्याचं. जमीन मिळालेला तोच. नुसतं नाव घेतलं असतं तर काठी खाली आली असती, आणि मानही. जिभेवर आलेलं गिळलं. सुनेला हाक मारली, "दोन ताटं आण गं."

एक चोरापुढं ठेवलं, एक त्याच्या शेजारी, भावजींसाठी.

"मी? ह्येच्याबरोबर जेवू?"

"सकाळपासनं नदीवर हायसा तुम्ही, पोटात चहासुद्धा न्हाय. बसा."

चोर भाकरीला हात लावेना, काठीकडंच बघत होता. भावजींनी ते बघितलं. मग काठी भिंतीला टेकवली, बसले. "खा रं मुकाट्यानं," म्हणाले आणि पिठल्याचा वाडगा त्याच्याकडं सरकवला. ताटावरच्या माणसावर हात कोण उचलणार? लोक एकेक करून पांगले. गाडी आली, तेव्हा तक्रारीवर सही भावजींनीच केली.

परवा सुनेनं विचारलं, "आत्या, त्या दिवशी दोन ताटं का मागवली हो?"

म्हटलं, "भूक दोघांना लागलेली."