मुलगी बघायला गेलो आणि गावानं मुलगा बघितला

मुलगी बघायला जाताना माणसाचं पोट साफ असावं, पण माझं होत होतं तितकं साफही नसावं.

ऐंशी सालच्या आसपासचा उन्हाळा. आम्ही भूगावचे. मी पुण्यात एका कारखान्यात कारकून होतो, म्हणून स्वतःला भलताच शहरी समजायचो. जवळच्या रिहे गावचं स्थळ बघायला निघायच्या आदल्या संध्याकाळी स्वारगेटला गाड्यावर बर्फ घातलेला उसाचा रस प्यालो. एक पेला, मग आणखी एक, मग रसवाला "पुरे की आता" म्हणेपर्यंत! (चेहऱ्यावर तेज यावं म्हणून. तेज आलं असेलही, पण भलत्या वाटेनं निघून गेलं.)

सकाळी पोटात असा पीळ पडला की मी वडिलांना म्हटलं, "आज नको जायला."

"लोकांनी पोहं भिजवलं असत्याल! पोट दुखतंय म्हून कुनी लगीन मोडतं व्हय?"

"ठरलंय कुठं अजून?"

"तू तोंड गप ठेव, आपसूक ठरंल."

तोंड गप ठेवणं माझ्या हातात होतं. बाकीचं नव्हतं!

रिह्यात मुलीकडच्यांनी मला आणि आई-वडिलांना बसायला पडवीत सतरंजी अंथरली होती. मुलगी, सुमन, पोहे घेऊन आली. मी वर बघितलंच नाही. सगळं लक्ष पोटात. "लई लाजरा हाय हो!" कुणी बाई कौतुकानं म्हणाली. वडिलांनी मला कोपर मारलं, "काय तरी इचार की तिला."

मी सुमनला विचारलं, "शेत कुठं आहे तुमचं?"

तिचे वडील आप्पा खूश! "ह्ये काय, मागंच! चला, दावतो."

"नको, नको! मी एकटाच जाऊन येतो."

"आवं, असं कसं? पाव्हण्याला एकटं सोडाया आमी काय येडं हाय का?"

झालं! पुढं मी, मागं आप्पा, त्यांच्यामागं सुमनचे चुलते तात्या. समोर भात कापलेली खाचरं, उघडीबोडकी. आडोसा म्हणाल तर गुडघ्याएवढा बांध. आप्पा दर बांधाला थांबून सांगायचे, "हितं आंबेमोहोर लावतो बरं का!" आणि मी आंबेमोहोर ऐकत दात आवळून उभा! तात्या मागं कुजबुजले, "पोरीकडं बघितलं न्हाई आन् जमीन बघत सुटलाय. लई हावरा दिसतुया."

तेवढ्यात ओढ्याकाठी करवंदाची दाट जाळी दिसली. मी धोतर सावरत (होय, त्या दिवशी धोतर!) धूम ठोकली.

"पाव्हणं, का पळताय?"

"करवंदं!" मी ओरडलो.

जाळीत शिरणार, तोच आतून बांगड्या वाजल्या. "कोन हाय रं मुडद्या तिकडं?" गावच्या बायाही करवंदंच तोडायला आल्या होत्या! आल्या पावली परत फिरलो.

घाम पुसत, पाय जुळवून, मोजकी पावलं टाकत घरामागं पोचलो, तर मागच्या दारात सुमन उभी. हळूच म्हणाली, "गोठ्यात कुनी न्हाई, बैलं रानात गेल्यात. टमरेल भरून ठिवलंय. जावा बिगीबिगी."

तेव्हा मी तिच्याकडं पहिल्यांदा बघितलं. इतकं देखणं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं! (पण फार वेळ बघता आलं नाही.)

बाहेर तात्यांचा आवाज, "आता गोठ्यात शिरला! जनावरं मोजतोय जनू!"

"आवं तात्या," सुमन अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जुलाब लागल्यात त्यास्नी!"

गोठ्यातून बाहेर आलो आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन तिथंच बसलो. चौघांनी उचलून पडवीतल्या बाजेवर टाकलं. सुमनच्या आईनं मीठ-साखरेचं पाणी पाजायला घेतलं. पौडहून डॉक्टर फटफटीवरून आले. "बर्फातनं जंतू गेलेत पोटात. अंगातलं पाणी गेलंय, हलवू नका याला."

म्हणजे मुक्काम! सोयरीक नाही, सुपारी नाही, आणि मी सासुरवाडीत पेज पीत पडलेला. आई-वडील शेजारी मान खाली घालून. दिवसभर गाव लोटलं. "ह्योच का त्यो? बघू, बघू!" एका म्हातारीनं तर पापणी ओढून डोळाही तपासला. आता हे स्थळ गेलं, अशी माझी खात्री झाली. आणि नेमकं आता मला ते हवं होतं!

बरा होऊन निघालो, तेव्हा आप्पांनी सगळ्यांसमोर सुमनला विचारलं, "काय गं, काय म्हनू ह्यांना?" ती म्हणाली, "व्हय म्हना."

लग्नानंतर एकदा मी ऐटीत विचारलं, "त्या अवस्थेतसुद्धा तुला माझ्यात काय दिसलं गं?" वाटलं होतं, साधेपणा म्हणेल, डोळे म्हणेल.

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "आधी बघाया आलेलं समदं लई रुबाब करायचं. म्हनलं, ह्यो मानूस काय आपल्यापुढं जन्मात रुबाब करायचा न्हाई."

मी अधूनमधून प्रयत्न करून बघतो. ती नुसती हसते, आणि मी पिशवी घेऊन गुमान बाजाराला जातो!